सामूचा रकाना

अहवालावर रकाना असतो, सामू.
दर आठवड्याला एखादा तरी विचारतोच,
"ह्यो सामू कोण म्हणायचा, बाई?"
मी सांगते, मातीच्या आंबटपणाचं माप.
सात म्हणजे मधोमध. खाली गेलं की आंबट, वर गेलं की चुनखड.
मान हलते. पुढचा प्रश्न उसाचाच.

सुरगोंडा मगदूम उसाचं काही बोलले नाहीत.
नांदणीहून आलेले. दुधाच्या पिशवीत दोन मुठी माती,
गाठ मारून वर पुन्हा रबर.
"शेतातली न्हवं. परसातली. फुलझाडाबुडची."

झाड गगनबावड्याचं.
एकवीस वर्षं त्यांनी मुक्कामाची गाडी नेली तिथं.
इंजिन बंद केलं तरी कानात उरणारी घरघर घेऊन
रात्री हातपाय धुवायचे
हौसाबाई पडवळांच्या टपरीमागं,
आणि तिथं, धुक्याला चिकटून,
हायड्रेंजियाचे ओंजळभर गुच्छ.
"निळं म्हंजे कसं सांगू तुमास्नी...
कंडक्टर वेबिल लिवतो न्हवं,
कार्बनमधनं खालच्या कागदावर अक्षर उतरतंय,
त्येच्यागत."

शेवटच्या फेरीला हौसाबाईंनी
ओल्या फडक्यात एक फांदी दिली.
नांदणीत ती जगली, तिसऱ्या वर्षी फुलली.
गुलाबी.
चार दिवस त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही.
"दुसरंच दिलं असंल का हो त्येनी?"
हे मला नाही, पिशवीला विचारल्यासारखं.

एक भाग माती, अडीच भाग पाणी,
काचेच्या कांडीनं ढवळायचं, अर्धा तास थांबायचं.
ते बाकावर थांबले, टोपी गुडघ्यावर,
गाडी लागायची वाट बघावी तसे.
आकडा हलला, डगमगला, बसला:
आठ पूर्णांक चार.

म्हटलं, झाड तेच आहे.
बावड्याच्या जांभ्याची माती आंबट.
तिथं अ‍ॅल्युमिनियम सुटं होतं, मुळं ते पितात, फूल निळं होतं.
तुमच्या काळ्या रानातही आहे ते,
पण चुनखडीनं कुलपात घातलेलं.
बराच वेळ पंखाच फिरत होता.
"म्हंजे बाईनं खोटं न्हाई दिलं."
नाही.
"मग कुलूप काढायचं कसं?"
कुंडीत लावा. लाल माती, थोडं गंधक,
आणि पाण्यातून तुरटी, दाढीनंतर फिरवता ती.
त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला
आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.

पुढच्या वर्षी पुतण्याच्या टेम्पोतून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गुच्छ आला.
कडेला जांभळट, मधे मात्र
खालच्या कागदावर उतरलेलं अक्षर.
मी तो बीकरमध्ये ठेवला.
साहेबांनी विचारलं, हा कसला नमुना?

ऑगस्टात गगनबावड्याला शिबिर होतं.
टपरी नव्हती. हौसाबाई लेकाकडं, कळंब्याला.
स्टँडला नवी सिमेंटची भिंत, अजून चुन्याचे ओघळ सुकायचे होते,
आणि भिंतीला पाठ लावून
तीच झुडपं, तेवढेच गुच्छ.
गुलाबी.
चार हात लांब, गटारापलीकडं, एक तेवढं
कुठल्या बाजूला जावं न कळून फिकट झालेलं.

झाडाला रंग आपला वाटत असेल का?
की कुणी विचारलं तर
तेही पायाखाली बघतं?

चिमूटभर माती कागदात बांधून आणली.
सात पूर्णांक सहा.
नमुना कुणाचा, हा रकाना कोरा ठेवला.

तेवढ्यात फोन. मगदूम.
"बावड्याला गेलता म्हणं. फुलं बघितली?"
बघितली.
"कशी हाईत?"
समोर आकडा होता. खिडकीत त्यांचा वाळलेला गुच्छ,
रंग ओळखू न येण्याइतका तपकिरी.
म्हटलं, भरपूर आहेत, मगदूम.
यंदा खूप लागलीत.